कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स एरर: हेडर आणि सी फाइलमधले इंटिजर टाइप जुळत नसतील तर काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

हा एरर मी इतक्या वेळा सोडवलाय की आता मेसेज वाचता वाचताच साधारण कळतं गडबड कुठे असणार. सी मध्ये एखादं फंक्शन हेडरमध्ये (बाकी फाइलींना फंक्शनची ओळख सांगणाऱ्या .एच फाइलमध्ये) एका टाइपने सांगितलेलं असतं आणि सी फाइलमध्ये दुसऱ्याच टाइपने लिहिलेलं असतं, दोन्ही इंटिजरच, बऱ्याचदा दोन्ही ३२ बिटचेच, आणि तरी कंपायलर अडून बसतो. मग दिसेल तिथे कास्ट (टाइप बळेच बदलणं) टाकली जाते, नाहीतर हेडरमधली ओळच उडवली जाते, एरर जातो पण चूक आतच राहते आणि पुढे कुणाच्या तरी डोक्याला ताप होतो. म्हणून हे क्रमाने लिहितोय, आधी ज्याला पाच मिनिटं पण लागत नाहीत ते, आणि वेळखाऊ सगळं नंतर.

लक्षणं

सगळ्यात ओळखीचं लक्षण म्हणजे "कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स फॉर" आणि पुढे फंक्शनचं नाव, खाली "प्रीव्हियस डिक्लेरेशन" अशी नोट. कधी कधी कोड लॅपटॉपवर विनातक्रार कंपाइल होतो आणि बोर्डच्या क्रॉस कंपायलरवर (दुसऱ्या मशीनसाठी कोड बनवणाऱ्या कंपायलरवर) फुटतो, किंवा लिनक्सवर चालतो आणि विंडोजवर नाही. कधी कोडला हातही लावलेला नसतो, फक्त कंपायलरची आवृत्ती बदललेली असते आणि एररची रांग लागते. प्रिंटएफवर वॉर्निंग येते की पर्सेंट-यूला अनसाइन्ड इंट पाहिजे पण तुम्ही लाँग अनसाइन्ड इंट दिलाय, ते पण याच दुखण्याचं लक्षण आहे, फक्त सौम्य.

आणि सगळ्यात वाईट लक्षण म्हणजे काहीच लक्षण नसणं. कंपाइल होतं, लिंक होतं, आणि चालताना आकडे चुकतात. एका बाजूने -१ पाठवला तर पलीकडे ४२९४९६७२९५ पोचतो. किंवा एक काउंटर वाढवला की शेजारचाच व्हेरिएबल शून्य होतो. याच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय कारण त्यात माझे दिवस गेलेत.

पहिली तपासणी: मेसेज पूर्ण वाचा, आणि फक्त पहिलाच

एररची यादी पन्नास ओळींची असली तरी वर जा आणि पहिल्या एररपासून सुरू करा. हेडरमध्ये एक टाइप ओळखला गेला नाही तर त्याच्यामुळे खालचे वीस एरर येतात, ते एकेक सोडवत बसण्यात अर्थ नाही. युइंट३२_टी (नक्की ३२ बिटचा अनसाइन्ड टाइप) वापरलाय आणि एसटीडीइंट.एच इन्क्लूडच केलेली नाही, हे मी अजूनही आठवड्यातून एकदा तरी बघतो, आणि तेव्हा पहिला एरर "अननोन टाइप नेम" असाच असतो, कॉन्फ्लिक्टवाला त्याच्या नंतर येतो.

एरर आणि त्याच्या खालची नोट, दोन्हींत फाइलचं नाव आणि ओळ नंबर असतो. दोन्ही ओळी उघडून एकाखाली एक ठेवा, रिटर्न टाइपपासून सुरू करून एकेक पॅरामीटर बोट ठेवून जुळवा. जीसीसी या कंपायलरच्या अलीकडच्या आवृत्त्या मेसेजमध्येच दोन्ही टाइप छापतात, आणि ते टाइपडेफ (टाइपला दिलेलं दुसरं नाव) उलगडून छापतात, म्हणजे तुम्ही युइंट३२_टी लिहिलं असेल तर एआरएम बोर्डच्या कंपायलरवर तिथे लाँग अनसाइन्ड इंट दिसेल. हीच माहिती पुढे कामाला येते म्हणून मेसेज कॉपी करून ठेवा. नोटमधली फाइल जर तुमच्या प्रोजेक्टमधली नसेल, सिस्टिमच्या हेडरमधली असेल, तर सरळ पाचव्या तपासणीवर जा.

दुसरी तपासणी: क्लीन बिल्ड, आणि हेडर नक्की कोणता

मेकफाइलमध्ये (बिल्डचे नियम लिहिलेल्या फाइलमध्ये) हेडरच्या डिपेंडन्सी नसतील तर हेडर बदलला तरी त्याच्यावर अवलंबून असलेल्या जुन्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल होऊन बनलेल्या) तशाच राहतात. तुम्ही हेडरमध्ये इंटचं लाँग केलं, दोन फाइली नव्याने कंपाइल झाल्या, तिसरी जुन्याच समजुतीवर चालतेय. कंपायलरला हे कळायला काही मार्ग नाही कारण तो एका वेळी एकच फाइल बघतो. म्हणून आधी सगळं साफ करून पुन्हा बिल्ड करा, आणि हे परत परत होत असेल तर -एमएमडी फ्लॅग टाकून डिपेंडन्सी फाइली आपोआप बनवून घ्या.

त्याचबरोबर -एच फ्लॅग एकदा चालवून बघा, मोठा एच. कंपायलर कुठले कुठले हेडर कुठल्या फोल्डरमधून उचलतोय त्याची उतरंड छापतो. एकाच नावाच्या हेडरच्या दोन कॉप्या असणं, एक प्रोजेक्टमध्ये आणि एक लायब्ररीच्या जुन्या फोल्डरमध्ये, हे खूप कॉमन आहे, आणि तुम्ही एक दुरुस्त करत बसता तेव्हा कंपायलर दुसराच वाचत असतो.

तिसरी तपासणी: सी फाइल स्वतःचाच हेडर इन्क्लूड करते का

टायमर.सी मध्ये टायमर.एच इन्क्लूड असायलाच पाहिजे. बरेच जण म्हणतात की व्याख्या इथेच आहे, मग हेडर कशाला. तो हेडर तिथे असणं हाच एकमेव क्षण आहे जेव्हा कंपायलरसमोर डिक्लेरेशन (हेडरमधली ओळख) आणि डेफिनिशन (खरी व्याख्या) दोन्ही एकत्र येतात आणि तो जुळवून बघू शकतो. तो काढला तर एरर जातो खरा, पण आता बाकी सगळ्या फाइली हेडरवर विश्वास ठेवून कॉल करतायत आणि फंक्शन वेगळंच काहीतरी घेतंय. सी चा लिंकर (ऑब्जेक्ट फाइली जोडणारा प्रोग्राम) फक्त नाव बघतो, टाइप बघत नाही.

याच कारणाने सी फाइलीच्या डोक्यावर हाताने एक्स्टर्न (व्हेरिएबल दुसऱ्या फाइलमध्ये आहे असं सांगणारा शब्द) लिहिणं बंद करा. एक्स्टर्न हेडरमध्येच, आणि तो हेडर जिथे व्हेरिएबल बनतो त्या फाइलमध्येही इन्क्लूड. -डब्ल्यूमिसिंग-प्रोटोटाइप्स हा वॉर्निंग चालू केला की हेडरमध्ये नोंद नसलेलं प्रत्येक ग्लोबल फंक्शन तो दाखवतो, आणि जुन्या प्रोजेक्टमध्ये ही यादी बघून धक्का बसतो.

चौथी तपासणी: आकार एक म्हणजे टाइप एक नव्हे

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात म्हणून जरा थांबतो. हेडरमध्ये आहे:

व्हॉइड टायमर_सेट(युइंट३२_टी वेळ);

आणि सी फाइलमध्ये:

व्हॉइड टायमर_सेट(अनसाइन्ड इंट वेळ)

लॅपटॉपवरच्या ६४ बिट लिनक्समध्ये युइंट३२_टी म्हणजे अनसाइन्ड इंटच, त्यामुळे दोन्ही ओळी एकच झाल्या आणि कंपायलर गप्प. हाच कोड एआरएमच्या बेअर मेटल (ऑपरेटिंग सिस्टिम नसलेल्या बोर्डच्या) जीसीसीवर न्यूलिब या सी लायब्ररीसोबत नेला की तिथे युइंट३२_टी म्हणजे अनसाइन्ड लाँग. तिथे इंटपण ३२ बिटचा आणि लाँगपण ३२ बिटचा, मशीनसाठी काडीचा फरक नाही, पण सी भाषेच्या नियमात इंट आणि लाँग हे वेगळे टाइप आहेत, आकार सारखा असला तरी. कंपायलर चुकत नाहीये, तो तुम्हाला सांगतोय की हा कोड एका मशीनच्या योगायोगावर उभा आहे.

योगायोग का म्हणतो ते आकड्यांत बघा. स्टँडर्डची हमी एवढीच की इंट किमान १६ बिट, लाँग किमान ३२, लाँग लाँग किमान ६४. एव्हीआरसारख्या छोट्या कंट्रोलरवर इंट खरोखर १६ बिटचाच असतो. ६४ बिट लिनक्सवर लाँग ६४ बिटचा, ६४ बिट विंडोजवर मात्र लाँग ३२ बिटचाच राहिला आणि पॉइंटर ६४ चा झाला, त्यामुळे पॉइंटर लाँगमध्ये ठेवणारा लिनक्सवरचा कोड तिथे अर्धा पत्ता गमावतो. इंट६४_टी लिनक्सच्या ६४ बिटवर लाँग असतो आणि मॅकवर लाँग लाँग, दोन्ही ६४ बिटचे, तरी वेगळे.

उपाय सोपा आहे, फक्त नेटाने करावा लागतो. हेडरमध्ये जे नाव लिहिलंय तेच नाव सी फाइलमध्ये लिहायचं, अक्षर न अक्षर तेच. हेडरला युइंट३२_टी तर सी फाइलला युइंट३२_टी. साइझ_टी असेल तर साइझ_टी, तिथे अनसाइन्ड लाँग लिहायचं नाही, "इथे तेच तर आहे" असं वाटलं तरी नाही. प्रिंटएफसाठी इनटाइप्स.एच मधले पीआरआय-यू-३२ सारखे मॅक्रो वापरा, ते त्या त्या मशीनचं योग्य अक्षर स्वतः घालतात, आणि साइझ_टीला पर्सेंट-झेड-यू. हे सगळं १९९९ च्या स्टँडर्डपासून आहे.

सगळा कोड सी प्लस प्लस म्हणून कंपाइल करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, तिथे हाच घोळ अनडिफाइन्ड रेफरन्स म्हणून दिसतो, कारण फंक्शनच्या नावातच टाइप गुंफला जातो, अनसाइन्ड इंटसाठी जे आणि अनसाइन्ड लाँगसाठी एम. ऑब्जेक्ट फाइलींतल्या गुंफलेल्या नावांचं शेवटचं अक्षर जुळत नसेल तर कारण हेच.

आणि कास्ट. फंक्शनचा पत्ता टेबलमध्ये भरताना टाइप जुळत नाही म्हणून फंक्शन पॉइंटरला कास्ट करणं ही सगळ्यात घातक मलमपट्टी आहे. आकड्याला कास्ट केलं तर आकडा बदलून जातो, पण फंक्शन पॉइंटरला कास्ट केलं तर कॉल करणारा आणि घेणारा वेगवेगळ्या कराराने वागतात आणि कंपायलरचं तोंड तुम्ही बंद केलेलं असतं.

पाचवी तपासणी: नाव दुसऱ्याचं तर नाही ना

नोट सिस्टिम हेडरकडे बोट दाखवत असेल तर बहुतेक वेळा तुमच्या फंक्शनचं नाव लायब्ररीतल्या फंक्शनशी भिडलंय. नेहमीचं उदाहरण म्हणजे गेटलाइन. शिकताना जवळजवळ प्रत्येकजण इंट रिटर्न करणारं स्वतःचं गेटलाइन लिहितो, आणि २००८ च्या पॉझिक्स या युनिक्स स्टँडर्डपासून एसटीडीआयओ.एच मध्ये त्याच नावाचं फंक्शन आहे जे एसएसाइझ_टी रिटर्न करतं. नाव बदला, संपला विषय. -एसटीडी=सी९९ देऊनही एरर जातो कारण मग ते लायब्ररीवालं डिक्लेरेशन लपतं, पण नाव बदलणंच बरं.

स्वतःचे टाइपडेफ पण इथेच बघा. विंडोजच्या कंपायलरवर एसएसाइझ_टी मिळाला नाही म्हणून कुणीतरी टाइपडेफ इंट एसएसाइझ_टी लिहून ठेवतं, आणि कोड लिनक्सवर आला की तिथला खरा लाँग असलेला एसएसाइझ_टी समोर येतो. सी११ पासून तोच टाइपडेफ तसाच दोनदा लिहिलेला चालतो, पण वेगळ्या टाइपने लिहिलेला कधीच चालत नाही. यू३२ सारखी घरगुती नावं दोन लायब्ररींनी वेगवेगळी बनवली असतील तरी हेच होतं. आणि टाइपडेफऐवजी हॅश डिफाइन वापरलं असेल तर जास्त त्रास, कारण ते डिक्लेरेशनच्या आत घुसून शब्द बदलतं आणि डोळ्यांना मूळ ओळ बरोबरच दिसते.

सहावी तपासणी: कंपायलर काय बघतोय ते तुम्ही बघा

इथवर सापडलं नाही तर -ई फ्लॅग देऊन प्रीप्रोसेसरचं आउटपुट एका फाइलमध्ये काढा आणि फंक्शनचं नाव शोधा. कंपायलरपर्यंत जे पोचतं ते हेच, सगळे मॅक्रो उलगडलेले, सगळे हेडर आत ओतलेले. हॅशने सुरू होणाऱ्या ओळींत फाइलचं नाव आणि ओळ नंबर असतो त्यामुळे कुठली ओळ कुठून आली ते कळतं. युइंट३२_टीचा माग काढत वर गेलात की शेवटी तो कुठल्या मूळ टाइपवर टेकतो ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं, आणि खरं सांगतो, एकदा ते बघितलं की चौथी तपासणी समजावून सांगावी लागत नाही. नुसते मॅक्रो हवे असतील तर -डीएम आणि -ई एकत्र द्या.

सातवी तपासणी: इनम, कॅर आणि जुन्या धाटणीचा कोड

हेडरमध्ये इनम (नावं दिलेल्या आकड्यांची यादी) आणि सी फाइलमध्ये अनसाइन्ड इंट, हे पण तसंच योगायोगाचं आहे. जीसीसी साधारणपणे इनममध्ये ऋण किंमत नसेल तर अनसाइन्ड इंट निवडतो आणि असेल तर इंट, त्यामुळे यादीत कुणीतरी एक -१ वाढवला की काल चालणारा कोड आज मोडतो. बेअर मेटल एआरएमवर तर इनम एका बाइटचाही असू शकतो. जीसीसी १३ पासून याच्यासाठी -डब्ल्यूइनम-इंट-मिसमॅच असा वॉर्निंग आहे आणि -डब्ल्यूऑलमध्येच येतो. कॅरचं पण तसंच, नुसता कॅर, साइन्ड कॅर आणि अनसाइन्ड कॅर हे तीन वेगळे टाइप आहेत, आणि नुसता कॅर एक्स८६ वर साइन्ड तर एआरएम लिनक्सवर अनसाइन्ड असतो. बाइट पाठवायच्या असतील तर युइंट८_टी लिहा.

"कोडला हात लावला नाही तरी मोडलं" याचं उत्तर बहुधा इथे सापडतं. जीसीसी १४, म्हणजे २०२४ पासून, डिक्लेरेशन नसलेल्या फंक्शनला कॉल करणं आणि न जुळणारे पॉइंटर टाइप देणं, जे आधी वॉर्निंग होतं, ते सरळ एरर झालं. २०२५ च्या जीसीसी १५ ने डीफॉल्ट भाषा सी२३ केली, आणि सी२३ मध्ये रिकामा कंस म्हणजे व्हॉइड. आधी हेडरमध्ये नुसता रिकामा कंस लिहिला की "पॅरामीटर सांगितलेले नाहीत" असा अर्थ होता आणि खाली इंट घेणारं फंक्शन चालून जायचं, आता ते कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स. बूल पण आता भाषेचाच शब्द झालाय त्यामुळे टाइपडेफ इंट बूल मोडतो. डेडलाइन डोक्यावर असेल तर -एसटीडी=जीएनयू१७ देऊन आजचा दिवस काढा, पण प्रोटोटाइप (पॅरामीटरांसकट डिक्लेरेशन) पूर्ण लिहायचं काम वहीत नोंदवून ठेवा आणि कराच.

आठवी तपासणी: एरर येतच नाही तेव्हा

एका कामात एरर मोजणारा व्हेरिएबल एका फाइलमध्ये युइंट१६_टी होता, आणि दुसऱ्या फाइलमध्ये कुणीतरी हाताने एक्स्टर्न युइंट३२_टी लिहिलं होतं. त्या फाइलमधून काउंटरमध्ये ५ लिहिलं की मेमरीत चार बाइट जायचे, ०५ ०० ०० ००. पहिले दोन काउंटरचे, पुढचे दोन शेजारच्या मर्यादेच्या व्हेरिएबलचे. म्हणजे प्रत्येक एररला मर्यादा शून्य. आम्ही आधी स्टॅक ओव्हरफ्लो समजलो, मग इंटरप्टवर संशय घेतला, दोन दिवस गेले. शेवटी मॅप फाइल (लिंकरने दिलेली पत्त्यांची यादी) उघडली तर दोन व्हेरिएबलच्या पत्त्यात अंतर फक्त २ होतं, आणि दुसरी फाइल ४ बाइट लिहीत होती. एक ओळ हेडरमध्ये हलवली आणि कंपायलरने त्याच क्षणी चूक दाखवली.

फंक्शनचं याहून विचित्र होतं. ३२ बिट एआरएमवर पहिला पॅरामीटर इंट आणि दुसरा ६४ बिटचा असेल तर पहिला आर० या रजिस्टरमध्ये जातो, आर१ रिकामा सोडतात, आणि दुसरा आर२-आर३ च्या जोडीत. कॉल करणाऱ्याला वाटतंय की दुसरा ३२ बिटचा आहे, तर तो आर१ मध्ये ठेवतो, आणि फंक्शन आर२-आर३ मधला जुना कचरा वाचतं. म्हणून आकडा दर वेळी वेगळा येतो.

असं काही वाटत असेल तर सगळा प्रोजेक्ट एकदा -एफएलटीओ (एलटीओ, म्हणजे लिंक करताना सगळा कोड एकत्र बघणारं ऑप्टिमायझेशन) देऊन बिल्ड करून बघा. तेव्हा जीसीसीला लिंक करताना सगळ्या फाइलींचे टाइप एकत्र दिसतात आणि न जुळणाऱ्या डिक्लेरेशनवर तो वॉर्निंग देतो. तुम्हाला एलटीओ कायम वापरायचं नसलं तरी तपासणीपुरतं वापरा. जिथे आकारावर खरोखर काही अवलंबून आहे तिथे स्टॅटिक असर्ट टाका, सी११ पासून आहे, चुकलं तर कंपाइल करतानाच थांबतं.

३२ बिट लिनक्सवर अजून एक जागा बघा, ऑफ_टी आणि टाइम_टी (फाइलमधली जागा आणि वेळ ठेवणारे टाइप). फाइल ऑफसेट बिट्सचा मॅक्रो ६४ करून कंपाइल केलेली लायब्ररी आणि तो मॅक्रो न दिलेला तुमचा कोड, हेडर तोच, पण टाइपचा आकार वेगळा. टाइम_टीसाठी ग्लिबसी (लिनक्सची सी लायब्ररी) २.३४ पासून तसाच मॅक्रो आहे, २०३८ च्या प्रश्नामुळे (तेव्हा ३२ बिटचा वेळेचा आकडा संपतो), त्यामुळे ही चूक आता जास्त दिसणार. हे मॅक्रो सगळ्या प्रोजेक्टला एकाच ठिकाणाहून द्या, फाइलीगणिक नको.

कुठे थांबायचं

कंपायलरच्या किंवा सिस्टिमच्या फोल्डरमधला हेडर बदलावासा वाटला की थांबा. तिथे आज केलेला बदल पुढच्या अपडेटला जाईल आणि तोवर बाकी सगळे प्रोजेक्ट बिघडवेल. टूलचेन ज्यांनी दिलीय त्यांना कळवा.

लायब्ररी फक्त बायनरी मिळालीय, सोर्स नाही, आणि तिचा हेडर तिच्याशी जुळत नाही असं वाटतंय, तर अंदाजाने हेडर दुरुस्त करू नका, बायनरी कुठल्या फ्लॅगने बनली हे ज्याने बनवली तोच सांगू शकतो. ज्या हेडरवर बाहेरचे लोक अवलंबून आहेत तिथला टाइप बदलायचा असेल, किंवा तो टाइप फाइल फॉरमॅटमध्ये नाहीतर नेटवर्कवरून जाणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये असेल, तर ज्याच्याकडे त्या इंटरफेसची जबाबदारी आहे त्याच्याशी बोलल्याशिवाय एक अक्षर बदलू नका, कारण तुमच्याकडे कंपाइल होईल आणि त्यांच्याकडचा जुना डेटा वाचता येणार नाही. आणि कोड गाडीत, वैद्यकीय उपकरणात किंवा माणसाच्या जिवाशी संबंध असलेल्या कुठल्याही यंत्रात जाणार असेल तर आठव्या तपासणीतला दोष सापडला की स्वतः गुपचूप दुरुस्त करून पुढे जायचं नाही, सेफ्टीचं काम बघणाऱ्या इंजिनिअरकडे द्यायचं, कारण आधी विकल्या गेलेल्या युनिटमध्ये तो दोष कसा वागत होता हे पण कुणीतरी तपासायला पाहिजे.

मदत मागताना कंपायलरची पूर्ण आवृत्ती, पूर्ण कमांड लाइन सगळ्या फ्लॅगसकट, पहिला एरर नोटसकट, आणि -सेव्ह-टेम्प्स देऊन निघालेली डॉट आय फाइल पाठवा. त्या फाइलमध्ये हेडर उलगडलेले असतात त्यामुळे समोरच्याला तुमचं मशीन लागत नाही. फक्त एररचा फोटो पाठवला तर पहिली दोन उत्तरं हीच माहिती मागण्यात जातात.